जहाजावरचे पहिले तीन दिवस

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

तुमच्या क्रूझची तिकिटं, विमा, औषधं यांबद्दल बोलणं झालंच आहे, म्हणून हे पत्र फक्त सहप्रवाशांबद्दल. लांबच्या क्रूझवर मधे मधे सलग पाच-पाच, सहा-सहा दिवस किनारा दिसत नाही. तेव्हा चार ओळखीची माणसं असली की दिवस सरतो, नसली की केबिन खायला उठते. आणि या ओळखी पहिल्या तीन-चार दिवसांतच होतात, कारण तेव्हा सगळेच नवखे असतात आणि कुणाची कुठे बसायची सवय ठरलेली नसते. नंतर टेबलं ठरतात, खेळाचे गट ठरतात. त्यात शिरता येतं, पण जड जातं.

माझं मुख्य सांगणं एवढंच, की भेटेल त्याच्याशी ओळख करत सुटू नका. रोज त्याच वेळी, त्याच जागी दिसा. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार प्रवासी असतात. पहिल्या दिवशी डेकवर अर्धा तास छान गप्पा झालेला माणूस पुढे आठवडाभर नजरेस पडत नाही, असं नेहमी होतं. पण सकाळी साडेसातला ठरावीक खिडकीपाशी चहा घेणारी माणसं रोज तीच असतात. दुसऱ्या दिवशी मान हलते, तिसऱ्या दिवशी नाव विचारलं जातं, चौथ्या दिवशी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली असते.

चढण्याच्या दिवशी फार काही मनात धरू नका. केबिन सहसा दुपारी एक-दोनच्या पुढे मिळते, मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत येत राहतात आणि तोवर सगळे हातातल्या सामानासह वरच्या डेकवरच्या बुफेत गर्दी करतात. तिथे बसायलाच जागा नसते, ओळख कसली होणार! बऱ्याच जहाजांवर त्या दुपारी मुख्य डायनिंग हॉलही उघडा असतो आणि लोकांना ते माहीत नसतं. चढताना तुमचं जहाजाचं ओळखकार्ड तपासणाऱ्या माणसाला विचारून तिकडे जा. निवांत बसाल, आणि शेजारच्या टेबलावरचेही निवांत असतील.

मग मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीची तालीम. ही चुकवायची नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती. पूर्वी जहाज निघाल्यावर चोवीस तासांत ती घेतली तरी चालायचं; २०१५ पासून ती निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा ध्यानात ठेवा. ओळखींच्या दृष्टीनेही ही जागा कामाची आहे. जमायचं ठिकाण केबिनप्रमाणे ठरतं, त्यामुळे तुमच्या शेजारी उभे असलेले लोक बहुतेक तुमच्याच बाजूच्या केबिनमधले असतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी व्हिडिओ बघून, त्या जागी जाऊन कार्ड दाखवलं की काम संपतं. तसं असेल तर घाई न करता दोन मिनिटं थांबा आणि आजूबाजूच्यांना नमस्कार करा.

आता जेवणाचं टेबल. सगळ्यात जास्त विचार याचा करा. रात्रीच्या जेवणाला सहसा दोन पद्धती असतात: ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल, किंवा हव्या त्या वेळी जाऊन मिळेल त्या टेबलावर बसणं. दुसरी सोयीची वाटते, पण रोज नवी माणसं आणि रोज तेच प्रश्न, कुठून आलात, किती मुलं. आठवड्यात कंटाळा येतो. लांबच्या प्रवासाला ठरलेलं टेबल घ्या, आणि दोघांचं वेगळं नको, सहा जणांचं मागा. चौघांच्या टेबलावर दुसरं जोडपं जमलं नाही तर सुटका नसते. आठ किंवा दहांच्या गोल टेबलावर समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, शेजारच्या दोघांपुरतीच ओळख राहते. सहा जणांत एखादा अबोल असला, एखादा न थांबता बोलणारा असला, तरी तोल राहतो.

कंपनीला आत्ताच कळवा, पण कळवलं म्हणजे मिळालं असं धरू नका. चढल्यावर पहिल्या दुपारीच डायनिंग हॉलमध्ये जाऊन टेबल बघून घ्या. टेबल बदलून देण्यासाठी हॉलचे व्यवस्थापक बहुधा त्याच वेळी तिथे बसलेले असतात. बाबा, टेबल स्वयंपाकघराच्या दारापाशी किंवा ताटल्या गोळा करण्याच्या जागेशेजारी असेल तर लगेच बदलून मागा. वयानुसार कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण शब्द कळत नाहीत. त्यात भांड्यांचा खणखणाट आला की श्रवणयंत्र तोही मोठा करून देतं. कोपऱ्याजवळचं, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं टेबल हवं, ओठ दिसले की निम्मं बोलणं कळतं. आणि पहिल्याच जेवणाला सांगून टाका, “मला थोडं कमी ऐकू येतं, जरा माझ्याकडे बघून बोला.” न ऐकता हसून मान डोलावली की लोकांना वाटतं यांना बोलायचं नाही, आणि ते बोलायचं थांबतात. याने जेवढ्या ओळखी तुटतात तेवढ्या भांडणाने तुटत नाहीत.

सोबतचे लोक मुळीच जुळणारे नसतील तर दोन रात्री बघा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांना हळूच सांगा. असे बदल ते नेहमी करतात. महिनाभर सोसत बसू नका. एक मात्र, टेबल तेच असलं तरी रोज त्याच खुर्चीत बसू नका. एकेक जागा सरकलात की सगळ्यांशी बोलणं होतं.

बोलायला सुरुवात कशी करायची, याची काळजी नको. “तुम्ही पूर्ण फेरी करताय की मधेच उतरणार?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. लांबच्या क्रूझ टप्प्याटप्प्यानेही विकल्या जातात, त्यामुळे काही जण दोन-तीन आठवड्यांत उतरतात आणि नवे चढतात. कोण किती दिवस बरोबर आहे हे आधी कळलेलं बरं. तिकीट कितीला पडलं हे विचारू नका, सांगूही नका. शेजारच्या दोन केबिनची भाडीही सारखी नसतात आणि ज्याला जास्त पडलं त्याचं मन खट्टू होतं. राजकारण आणि आजारपणं पहिल्या आठवड्यात नकोत. नावं विसरतात सगळ्यांचीच, म्हणून खिशात छोटी वही ठेवा: नाव, कुठे भेटलो, एखादी खूण. “तुमचं नाव परत सांगाल का?” हे तीन दिवसांत सहज विचारता येतं, तीन आठवड्यांनी अवघडल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसाचं कार्यक्रमपत्रक आदल्या रात्री केबिनमध्ये येतं किंवा अ‍ॅपवर दिसतं. त्यातली एक गोष्ट दोघांनी मिळून करा आणि एक वेगवेगळी. आई, तू विणकामाच्या किंवा गाण्याच्या गटात जा. बाबा, तुम्ही पत्त्यांच्या ब्रिजला. सतत जोडीने वावरणाऱ्यांना लोक मधे जाऊन त्रास देत नाहीत. वेगळे गेलात की दोघांच्या ओळखी एकमेकांना मिळतात. प्रश्नमंजूषेला, जिला तिथे ट्रिव्हिया म्हणतात, समुद्रातल्या पहिल्याच दिवशी जा. गट बहुधा सहा जणांचे असतात आणि त्या दिवशी जमलेला गट शेवटपर्यंत टिकतो. पंधरा मिनिटं आधी पोचा आणि चालवणाऱ्याला सांगा, “आम्ही दोघं आहोत, कुणाला माणसं हवीत का?” वेळेवर गेलात तरी उशीर झालेला असतो.

एखादा पहिल्या दोन दिवसांत भेटून नंतर दिसेनासा झाला तर मनाला लावून घेऊ नका; बोट लागून पडून असेल. तुम्हालाही त्रास झाला तर जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर बसा, क्षितिजाकडे बघा. बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची औषधी पट्टी कुणी प्रेमाने देऊ केली तरी घेऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती बाधू शकते आणि उतारवयात गोंधळल्यासारखंही होतं. आधी डॉक्टरांना विचारा.

हस्तांदोलनाऐवजी नमस्कार करा. जहाजांवर उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस हातांवाटे पटकन पसरतो आणि सॅनिटायझर त्यावर फारसं चालत नाही. जेवायच्या आधी साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, प्रत्येक वेळी.

केबिनचा नंबर लिफ्टमध्ये किंवा मोठ्याने सांगू नका. चार भेटी झाल्यावर वहीत लिहून घ्या, द्या. केबिनच्या फोनवरून तो नंबर फिरवला की थेट बोलता येतं. भेटीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे ठरवा. पश्चिमेकडे जाताना ते तासाभराने मागे सरकतं, पूर्वेकडे जाताना पुढे, आणि एअरप्लेन मोडवरचा फोन तसा बदलेलच असं नाही. हाताला साधं घड्याळ असू द्या. रोज रात्री पत्रक बघून तेच लावायचं.

पहिल्या बंदरावर नव्या ओळखीच्यांबरोबर दिवसभराची टॅक्सी ठरवू नका. ते किती चालतात, किती वेळा थांबतात हे अजून माहीत नसतं, आणि परतायला उशीर झाला तर जहाज फक्त जहाजानेच काढलेल्या सहलीवर गेलेल्यांसाठी थांबतं, इतरांसाठी नाही. आधी डेकवर दोन फेऱ्या त्यांच्याबरोबर मारून बघा.

आई, टेबलाबद्दलचा मेल आजच कर: ठरलेली वेळ, सहा जण, लवकरची पंगत. उशिराची साधारण साडेआठला सुरू होते आणि बाबांच्या रात्रीच्या गोळ्यांना ती जमणार नाही. उत्तर आलं की मला पाठव.

तुमची लाडकी लेक