पायी यात्रेचा पहिला दिवस कुणी लिहीत का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत कामिनो दे सांतियागोवर, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो शहराच्या कॅथेड्रलपर्यंतच्या पायी यात्रेवर, अख्खं पान आलं होतं, फोटो छान होते, कॅथेड्रलसमोर पाठपिशव्या टाकून बसलेली माणसं, पिवळे बाण, शिंपले. ते पान माझ्या मोबाइलमध्ये सेव्ह करून आम्ही दोघं इकडे आलो आणि आज वाटेवरच्या पॅम्प्लोना या स्पेनमधल्या शहरात बसून हे पत्र टाइप करतेय, त्यामुळे इकडेतिकडे काही चुकलं तर समजून घ्या. त्या पानावर शेवट भरपूर होता, पण सुरुवात एका ओळीत उरकली होती, 'सेंट जाँ पिए द पोर या फ्रेंच गावातून चालायला सुरुवात होते' एवढंच. आणि माझं म्हणणं त्या एका ओळीबद्दलच आहे, कारण आमच्या वयाच्या जोडप्यांची यात्रा तिथेच बनते नाहीतर तिथेच मोडते.

आम्ही दोघं साठी ओलांडलेले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. आजवर फिरलो ते सगळं बसच्या खिडकीतून किंवा ग्रुपमध्ये, आणि या वेळी ठरवलं की एकदा तरी आपल्या पायांनी देश बघायचा. एवढा खर्च करून युरोपला चाललोयच तर आधी बाकीचं बघून घेऊ, असं सगळेच म्हणाले आणि आम्हालाही पटलं, म्हणून स्वित्झर्लंड, इटली आणि पॅरिस अशी बारा दिवसांची टूर आधी घेतली आणि चालणं शेवटी ठेवलं. हीच चूक झाली. टूरमध्ये रोज सहाला उठा, बसमध्ये बसा, उतरा, फोटो काढा, परत बसा, रात्री नवीन हॉटेल. बाराव्या दिवशी माझे पाय बसून बसून इतके सुजले होते की बूट सैल करून लेस बांधावी लागत होती.

पॅरिसमधली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. रिव्होली रस्त्याला लागून तूर सेंट जाक नावाचा एक दगडी मनोरा एकटाच उभा आहे, चर्च गेलं, मनोरा तेवढा राहिला. जुन्या काळी पॅरिसचे यात्रेकरू तिथून सांतियागोसाठी दक्षिणेला चालू लागायचे. टूरच्या यादीत तो नव्हता, आम्ही दुपारच्या मोकळ्या वेळात दोघंच गेलो आणि बागेत बाकावर बसून राहिलो, आणि अहो म्हणाले, "अगं, इथून निघायचे म्हणजे घरातूनच निघायचे की." तेव्हापासून मला वाटायला लागलं की सुरुवात ही नुसती जागा नाही, तिला वेळ द्यावा लागतो. पण आमच्याकडे तो वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी मोंपार्नास स्टेशनवरून बायोनची गाडी, साधारण चार तास, तिथून डोंगरातली छोटी ट्रेन तासभर, आणि संध्याकाळी सेंट जाँला उतरलो ते थेट यात्रेकरूंच्या ऑफिसात.

ते ऑफिस म्हणजे र्यू द ला सिटाडेल या उताराच्या दगडी गल्लीतली एक खोली, लांब टेबलामागे स्वयंसेवक बसलेले, बहुतेक स्वतः चालून आलेले. आमच्यासमोर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी यात्रेकरूचा पासपोर्ट म्हणजे क्रेदेन्सियाल काढला, आमची नावं स्वतःच्या अक्षरात लिहिली, पहिला शिक्का मारला आणि मग एक कागद पुढे सरकवला, त्यावर चढ-उताराची रेघ. बाईंनी पेन्सिलीने पहिल्या दिवसाच्या रेघेखाली दोनदा खूण केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ओरिसोनला बुकिंग आहे का? नव्हतं. आम्हाला ते नावच माहीत नव्हतं.

आता आकडे सांगते, कारण मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सेंट जाँ समुद्रसपाटीपासून १७० मीटरच्या आसपास आहे. वाटेतली लेपोएदेरची खिंड १,४०० मीटरच्या वर. म्हणजे पहिल्याच दिवशी बाराशे मीटरहून जास्त चढायचं आणि मग पलीकडे स्पेनमधल्या रोन्सेसवाय्येस या मुक्कामाच्या गावाला साडेनऊशे मीटरपर्यंत उतरायचं, सगळं मिळून पंचवीस किलोमीटर. जवळजवळ ७८० किलोमीटरच्या रस्त्यातला हा सगळ्यात कठीण दिवसांपैकी एक, आणि तो पहिलाच. ओरिसोन हा साधारण आठ किलोमीटरवरचा मुक्काम, तिथे थांबलं की तोच दिवस दोन भागांत वाटला जातो, पण जागा थोड्या आणि महिनोन्‌महिने आधी भरलेल्या. दुसरा रस्ता खालून वाल्कार्लोसवरून जातो, तो एवढा उंच जात नाही. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वरचा रस्ता बंदच असतो. वरून जा, खालून जा, दोन्ही यात्राच आहे, बाईंनी हे आम्हाला हाताने दाखवून सांगितलं, पण आम्ही थकलेलो होतो, लक्ष दिलं नाही.

सकाळी साडेसहाला नदीवरचा पूल ओलांडून निघालो. पहिले आठ किलोमीटर डांबरी रस्ता आणि सरळ चढ, मध्ये सपाट म्हणून काही नाही. ओरिसोनच्या पुढे मात्र सगळं उघडं होतं, झाडं संपतात, काळ्या तोंडाच्या मेंढ्या, गळ्यात घंटा बांधलेले घोडे, आणि डोक्यावर गिधाडं इतकी खाली की पंखांचा आवाज येतो. धुकं आलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, फक्त घंटा ऐकू येतात. मी आयुष्यात इतकी सुंदर सकाळ बघितली नाही हे मनापासून सांगते. ओळख ना पाळख, माणसं पुढे जाताना 'बुएन कामिनो' म्हणतात, वारीतल्या 'माउली'सारखंच ते कानाला लागतं. रोलांच्या झऱ्यावर बाटल्या भरल्या, तिथून थोडं पुढे गेलं की स्पेन, सीमेला नाव घेण्यासारखं काही नाही, फक्त फ्रान्समधल्या लाल-पांढऱ्या पट्ट्या संपतात आणि पिवळे बाण सुरू होतात. हे बाण याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावच्या डॉन एलियास वालिन्या या पाद्र्यांनी १९८४ च्या सुमारास हातात रंगाचा डबा घेऊन रंगवायला सुरुवात केली होती. एका माणसाच्या हट्टावर आज लाखो लोक चालतात, २०२४ मध्ये सांतियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला.

खिंडीवरून दोन वाटा फुटतात. उजवीकडची इबान्येताकडून फिरून जाते, सौम्य आहे. सरळ जाते ती बीच झाडांच्या जंगलातून एकदम खाली. बाईंनी उजवीकडे जा म्हणून कागदावर लिहून दिलं होतं, पण तो कागद अहोंच्या पिशवीत तळाशी होता आणि पुढची माणसं सरळ गेली म्हणून आम्हीही गेलो. त्या जंगलात मागच्या वर्षीचा पाला घोट्याच्या वर साचलेला, खाली ओली माती, पाय कुठे टेकतोय ते कळत नाही. अर्ध्या वाटेवर अहोंचा उजवा गुडघा धरला. ते काही बोलले नाहीत, फक्त काठीवरची मूठ पांढरी पडलेली दिसली मला. मग मी पुढे झाले, दोन्ही काठ्या त्यांना दिल्या आणि त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि तसेच एक एक पाऊल, शेवटचे दोन किलोमीटर आम्हाला दोन तास लागले. मध्येच एक तरुण मुलगी थांबली, एक शब्द न बोलता त्यांची पाठपिशवी स्वतःच्या पोटावर लटकवली आणि खाली रोन्सेसवाय्येसच्या मठाच्या दारात ठेवून निघून गेली, नाव विचारायचंही राहिलं.

संध्याकाळी रोन्सेसवाय्येसच्या चर्चमध्ये यात्रेकरूंना आशीर्वाद देतात. आम्ही मागच्या बाकावर बसलो, भाषा कळत नव्हती, अहोंनी गुडघ्यावर हात ठेवला होता आणि त्यावर मी माझा. दुसऱ्या दिवशी चालणं शक्यच नव्हतं. अल्बर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या वसतिगृहात, एकच रात्र राहता येतं, म्हणून तीन किलोमीटरवरच्या बुर्गेतेत एका छोट्या हॉटेलात तीन दिवस थांबलो, बर्फ, विश्रांती, ब्रेड आणि चीज. मग हळूहळू पुढचं सुबिरी गाव, आणि आज माग्दालेनाच्या पुलावरून पॅम्प्लोना.

संपादक साहेब, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी अशा यात्रेवर पान कराल तेव्हा निम्मं पान सुरुवातीला द्या. चढाचे आकडे द्या. टूर आणि चालणं एका सहलीत कोंबू नका हे लिहा, आणि कोंबायचंच असेल तर चालणं आधी ठेवा, बस नंतर. चालायला लागायच्या आधी गावात निदान दोन रात्री रिकाम्या ठेवा. पिशवी आपल्या स्वतःच्या वजनाच्या एक दशांशाच्या आत ठेवा. व्हिसाचंही लिहा, आम्हाला एका एजंटने फ्रान्सचा घ्या म्हणून सांगितलं होतं कारण विमान पॅरिसला उतरतं, पण जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आमचे बहुतेक दिवस स्पेनमध्ये म्हणून स्पेनकडे, आणि शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं हे मोजूनच तारखा धराव्या लागतात. आणि जोडीने जाणाऱ्यांना एवढं जरूर सांगा की दोघांपैकी ज्याची चाल हळू, त्याच्या चालीने निघायचं, अगदी पहिल्या पावलापासून. आम्ही हे खिंडीवरून उतरताना शिकलो.

उद्या आल्तो देल पेर्दोनचा डोंगर आहे, त्याच्या पलीकडचा उतार सुट्ट्या दगडांचा आहे म्हणतात. इथले बहुतेक जण एका दिवसात ओलांडून पुएन्ते ला रेइनाला जातात. आम्ही अलीकडच्या सारिकिएगीत थांबणार, अकरा किलोमीटर फक्त, फोन करून दोन खाटा सांगून ठेवल्यात. अहो आत्ता खाली काठ्यांची रबरी टोकं बदलून आणायला गेलेत.

आपली,
एक नियमित वाचक
पॅम्प्लोना, स्पेन