अळिवात पेरलेलं नाव

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय नंदू,

परवा फोनवर कास्पर हाउजरबद्दल बोलताना तू विचारलंस, "पण शेवटी तो होता कोण?" तेव्हा घाईत होतो, धड उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

२६ मे १८२८. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एका चौकात सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा. हातात घोडदळाच्या कप्तानाच्या नावाचं पत्र. धड चालता येत नाही, शब्द मोजकेच. बापासारखा घोडेस्वार व्हायचंय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो. पाव आणि पाण्याशिवाय पोटात काही ठरत नाही. पुढे बोलायला शिकल्यावर त्यानं सांगितलं, की आठवतंय तेव्हापासून आपण एका अंधाऱ्या कोठडीत होतो, खेळायला लाकडी घोडा. हाच कास्पर हाउजर. डिसेंबर १८३३मध्ये आन्सबाख गावातल्या बागेत त्याला सुऱ्याची जखम झाली आणि तीन दिवसांत तो गेला. बाडेन या जर्मन संस्थानाच्या राजघराण्यातून पळवलेलं मूल ते हेच, असं लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आले. २०२४मध्ये डीएनए तपासणीनं तेही खोडून काढलं. तेव्हा नंदू, तो कोण होता ते आजही कुणाला ठाऊक नाही.

आणि त्याच्यावरच्या, जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोगच्या १९७४च्या सिनेमाला या कोड्याची फिकीरही नाही. त्याचं जर्मन नावच बघ: 'प्रत्येक जण आपापल्यापुरता आणि देव सगळ्यांच्या विरोधात'. कास्परचं काम केलंय ब्रूनो एस. यानं. वय चाळिशीपार, नट नव्हेच. लहानपणापासूनची कितीतरी वर्षं संस्थांत आणि मनोरुग्णालयांत काढलेला, बर्लिनच्या चाळींच्या चौकांत ॲकॉर्डियन वाजवून गाणारा माणूस. एका प्रसंगात कास्पर मेणबत्तीच्या ज्योतीला बोट लावतो. भाजतं. तोंडातून हूं की चूं नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी ओघळतं. ते बघताना माझ्या घशात आवंढा आला. असं कुठल्या नाट्यशाळेत शिकवत असतील असं मला वाटत नाही.

सफरचंदाचा प्रसंग तर तुला फार आवडेल. कास्पर म्हणतो, सफरचंदं दमलीत, त्यांना झोपू दे. ती निर्जीव असतात, आपण म्हणू तशीच वागतात, हे पटवायला एक फळ वाटेवर घरंगळत सोडतात आणि पाहुणा अडवायला पाय पुढे करतो. फळ टुणकन त्या पायावरून उडी मारून पुढे जातं. कास्पर खूश: हुशार आहे सफरचंद!

शेवटी त्याचं शव उघडतात, मेंदू आणि यकृत तपासतात. काहीतरी वेगळं सापडतं, आणि टिपणं घेणारा तो बुटका कारकून आनंदानं घरी निघतो. कोड्याचं उत्तर कागदावर आलं ना! नंदू, रागावू नकोस, पण तुझा प्रश्न ऐकून मला तो कारकूनच आठवला. पहिल्यांदा बघताना मीही शेवटपर्यंत तेच शोधत बसलो होतो. दुसऱ्यांदा मात्र फक्त कास्परकडे बघत राहिलो.

तूही तसंच बघ. बागेत त्यानं आपलं नाव पेरलंय. अळिवात, हो, बाळंतिणीच्या लाडवातलं तेच अळीव. कोवळी हिरवी अक्षरं उगवतात, त्याला कोण आनंद होतो, आणि कुणीतरी येऊन ती तुडवून जातं. खूप रडल्याचं तो सांगतो. मग म्हणतो, पुन्हा पेरीन.

बघून झालं की लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझाच,
मध्या