बॅटरीची सबब पुरे झाली

महोदय,

दारावरचा सेन्सर, पाण्याचा मीटर, मनगटावरचा पट्टा अशा इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेबद्दल विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: चिप लहान, बॅटरी छोटी, एन्क्रिप्शन (संदेश कूटबद्ध करणे) परवडत नाही. हे उत्तर आता कोणी मान्य करू नये. बॅटरी खातो तो उपकरणातला बिनतारी संदेश पाठवणारा रेडिओ. वाय-फायवर संदेश पाठवताना १५०-२०० मिलिअँपिअर सहज लागतात. १६ बाइट एईएस या प्रचलित पद्धतीने कूटबद्ध करायला चिपमधल्या खास सर्किटला काही मायक्रोसेकंद पुरतात. ज्या चिपमध्ये ते सर्किट नाही, तिच्यासारख्यांसाठीच अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये ‘अस्कॉन’ ही हलकी पद्धत निवडली. महाग पडते ती टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीतली सुरुवातीची ओळख पटवणी, कारण तेव्हा काही हजार बाइटची प्रमाणपत्रे हवेतून जातात. जुनेच सत्र पुढे चालवले, किंवा कारखान्यात प्रत्येक नगाला वेगळी ‘की’ (संदेश कूटबद्ध करणारा गुप्त आकडा) दिली, तर तोही खर्च उतरतो. सगळ्या नगांत एकच की असेल तर मात्र एक नग उघडणाऱ्याच्या हाती सगळेच लागतात.

खरी गफलत बहुधा काउंटरमध्ये होते. अनेक उपकरणे प्रत्येक संदेशाला क्रमांक देतात आणि की व क्रमांक मिळून एन्क्रिप्शन ठरते. बॅटरी बदलली आणि क्रमांक पुन्हा शून्यावर आला, की त्याच कीखाली तेच क्रमांक दुसऱ्यांदा वापरले जातात. असे दोन संदेश एकमेकांवर ठेवले की एन्क्रिप्शन गळून पडते आणि उरतो दोन मजकुरांतला फरक. तापमानासारखा मजकूर अंदाजाने ओळखता येतो, त्यामुळे पुढचे काम सोपे. क्रमांक दर वेळी वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत लिहावा, तर त्या मेमरीची एक जागा साधारण १०,००० वेळाच पुसता येते. दहा मिनिटांना एक संदेश धरला तर ती सत्तर दिवसांत संपेल. म्हणून आधी १०० लिहून ठेवावे, ९९पर्यंत क्रमांक वापरावेत, मग २०० लिहावे. वीज गेली तर लिहिलेल्या आकड्यापासूनच सुरुवात करावी. हाच हिशेब मग एकोणीस वर्षांवर जातो. सर्व्हरने गाळलेले क्रमांक चालवून घ्यावेत; आधी येऊन गेलेला किंवा मागचा क्रमांक मात्र नाकारावा.

एवढे करूनही खासगीपणा राहतोच असे नाही. दार उघडले तरच बोलणारा सेन्सर, मजकूर न फोडताही, घरात हालचाल कधी होते ते सांगून टाकतो. ठरावीक वेळाने, एकाच लांबीचे संदेश पाठवणे हा उपाय आहे. त्याला बॅटरी लागते आणि सूचना उशिरा पोहोचते, त्यामुळे चोरीच्या अलार्मला तो चालणार नाही. मीटरला उत्तम चालतो.

घरी करण्याजोगे थोडेच आहे, पण ते आजच करावे. मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने असल्या साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. राउटरवरचे यूपीएनपी (उपकरणांना बाहेरून आत येण्याची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करावे आणि ही उपकरणे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. आपल्या वृत्तपत्रात अशा उपकरणांची परीक्षणे येतात, तेव्हा किमतीशेजारी ही तारीखही छापावी आणि उत्पादकाने ती दिली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

– एक वाचक