लस घेतल्याचा कागद मागून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक आपले दैनिक वाचतात, त्यांच्यासाठी हे पत्र.

माझ्या पतींनी ऑफिसातल्या शिबिरात फ्लूची लस घेतली आणि त्याच रात्री खांदा धरला. महिने लोटले तरी हात डोक्यापर्यंत जाईना. लशीमुळे झालेल्या इजेसाठी इथे १९८६च्या कायद्याने भरपाईची सोय आहे. लशींवरच्या करातून तो निधी उभा राहतो आणि कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. लस टोचल्यापासून ४८ तासांत सुरू झालेली खांद्याची अशी इजा २०१७पासून कायद्याच्या तक्त्यातही, म्हणजे लशीमुळेच झाल्या असे धरून चालतात त्या इजांच्या यादीतही, आहे.

आम्हाला वाटले, अवघड असेल ती डॉक्टरी बाजू. अडलो पहिल्याच पायरीवर: लस घेतली होती कशावरून? शिबिर घेणाऱ्यांना यांचा फॉर्म सापडेना. तारीख, उत्पादक, लॉट नंबर, लस देणाऱ्याचे नाव-पत्ता, हे सारे नोंदवणे कायद्याने त्यांच्यावरच बंधनकारक आहे. नोंद हरवली त्यांनी आणि दारोदार फिरायचे दुखणाईताने! याची चीड अजून जात नाही.

अर्जदाराच्या नुसत्या शब्दावर भरपाई देता येत नाही, हे मला मान्य आहे. निधी सर्वांचा आहे. पण मूळ नोंद नाही म्हणजे दावा संपला असेही नाही. निवाडा करणारे 'स्पेशल मास्टर' बाकीचे पुरावे एकत्र ठेवून, लस घेतली असण्याची शक्यता जास्त आहे का, एवढे पाहतात. आम्ही शिबिराच्या तारखेचा ऑफिसचा ईमेल जोडला, रांगेत मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. वकिलांना सर्वांत मोलाची वाटली ती दहा दिवसांनी डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ: 'फ्लूच्या लशीनंतर उजवा खांदा दुखतो.' यांनी सांगितले म्हणून ती लिहिली गेली.

लस जरूर घ्या, आम्हीही घेतो. मात्र खुर्चीवरून उठण्याआधी कागद मागा आणि कोणत्या दंडात टोचली ते त्यावर बरोबर लिहिले आहे ना, बघा. दुखू लागले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना लशीची तारीख सांगा. दाव्याची मुदत पहिल्या लक्षणापासून ३ वर्षे असते. त्यातले आमचे सव्वा वर्ष एका फॉर्मच्या शोधात गेले.

– एक वाचक, न्यू जर्सी