पाखाडी, सुपारी आणि गुडघे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘गुडघ्यांची झीज झालीय’ असं एकदा कानावर पडलं की आपल्याकडचं माणूस पडवीतल्या खुर्चीत बसतं ते बसतंच. झीज म्हटली की वहाण आठवते. कमी वापरली तर जास्त टिकेल! गुडघ्याचं तसं नसतं. झिजते ती कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते वंगण हालचालीनेच खेळतं राहतं. बसून बसून मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि त्याने पेलायचा भार सांध्यावर येतो.

म्हणून आधी मांडी. पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघा खाली दाबत मांडी आवळावी, 5 अंक मोजून सोडावी. असं 10 वेळा, सकाळ-संध्याकाळ, श्वास न रोखता. दुसरा व्यायाम खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा. जमत नसेल तर बैठकीवर जाड उशी घ्यावी, जमू लागलं की काढावी. बहुतेक जण उठतात नीट आणि बसतात धपकन. अर्धा व्यायाम तर सावकाश बसण्यातच आहे. दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून सोडू नये, 6 ते 12 आठवडे द्यावेत. वाढलेलं दुखणं दोन तासांनंतरही उतरलं नाही तर आवर्तनं निम्मी करावीत, बंद नव्हे. रात्री मात्र गुडघ्याखाली उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो.

वजन 1 किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका होतो. तेल चोळून बरं वाटतं, खुशाल चोळा. ते कूर्चेपर्यंत पोचत नाही एवढंच. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडाला महागात पडतात. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सुपारी सोलायला, आंबोशी कापायला तासन्‌तास मांडी घालून बसण्यापेक्षा टेबल-खुर्ची घ्यावी आणि अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारावी. फिरायला ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण (समुद्रकिनाऱ्याची वाळू) चांगली. कोरड्या वाळूत पाय रुततो.

पाखाडी, म्हणजे वाडीतली पायऱ्यांची चढणीची वाट, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. सर्रास दुखऱ्या बाजूच्याच हातात धरलेली दिसते. तिची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यावी आणि खालचं रबर गुळगुळीत झालं की बदलावं. पण आषाढ-श्रावणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की काठीचाही इलाज चालत नाही. ग्रामपंचायतींनी पावसाआधी पाखाड्या खरवडून घ्याव्यात आणि एका बाजूला तरी हाताला धरायला लोखंडी पाइप बसवावा. वरच्या वाडीतली म्हातारी माणसं चार महिने घरात अडकतात ती बऱ्याचदा गुडघ्यांमुळे नव्हे, त्या उतारामुळे.

– एक फिजिओथेरपिस्ट, जि. रत्नागिरी