सहल वेरूळची, पण पाहिले काय?

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय: शालेय सहली आणि मराठवाड्यातील वारसास्थळे

महोदय,

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीची पत्रके निघतात. परभणी-लातूरकडच्या शाळांचा बेत बहुधा ठरलेला असतो. मध्यरात्र उलटल्यावर बस सुटणार, सकाळी देवगिरीचा किल्ला, मग भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, दुपार कलल्यावर बीबी का मकबरा, पाणचक्की आणि रात्री शिर्डी. यात वेरूळच्या वाट्याला फार तर दोन तास येतात. लेणी चौतीस. म्हणजे एका लेण्याला साडेतीन मिनिटे, आणि हजेरी घेणे, हरवलेली बाटली शोधणे, ग्रुप फोटो हे सगळे त्यातच. घरी आल्यावर मुलाला विचारले तर माकडे आठवतात, पेरू आठवतात. चूक मुलाची नाही.

आमचे म्हणणे असे की ठिकाणे कमी करावीत आणि उरलेल्या ठिकाणी मुलांना काहीतरी काम द्यावे. 'माहितीफलक वहीत उतरवून घ्या' हे ते काम नव्हे. तसे सांगितले की चाळीस मुले फलकापुढे दाटीवाटीने बसतात आणि मागच्या लेण्याकडे पाठ करून लिहीत राहतात. ज्याचे उत्तर फलकावर नाही, दगडातच आहे, असा प्रश्न द्यावा.

वेरूळला दहावे आणि सोळावे एवढी दोन लेणी पुरेत. नववी-दहावीचा वर्ग असेल तर जैन समूहातले बत्तिसावेही घ्यावे, पण ते बरेच उत्तरेला आहे. पायी नेले तर अर्धा तास वाटेतच जातो. दहाव्या लेण्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात. आत मान वर करायला सांगून एवढेच विचारावे: दगडात कोरलेल्या छताला वाशांची काय गरज? अखंड कातळाला वासा लागत नाही. तरी कारागिरांनी ओळीने वासे कोरले, कारण आधीची चैत्यगृहे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहे, लाकडी असत आणि हाताला तेच वळण होते. माळवदाच्या घरातले मूल हे आपणहून सांगते, थोडा वेळ थांबले तर. या लेण्यात आवाज फार घुमतो. भोंगा लावून दिलेली माहिती इथे कोणालाच कळत नाही, म्हणून सांगायचे ते बाहेर झाडाखाली सांगावे आणि आत गप्प राहावे.

सोळावे, म्हणजे कैलास लेणे, मुलांना आधी वरून दाखवावे. बाजूच्या डोंगरवाटेने वर नेऊन खाली पाहू द्यावे आणि मगच दारातून आत आणावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर शिखराकडून पायाकडे कोरत आणले; खालून पाहणाऱ्याला ते बांधल्यासारखेच वाटते. वर एका वेळी दहाच मुले न्यावीत, शिक्षकाने कड्याच्या बाजूला उभे राहावे आणि वाट ओली असेल तर हा बेत सोडून द्यावा.

मग गणित. अंगण साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या कड्याशी १०७ फूट खोल. डोंगर पुढे उतरत येतो, म्हणून सरासरी खोली निम्मी धरावी. गुणाकार पावणेतेवीस लाख घनफुटांच्या आसपास जातो. आपल्याकडे खडी-वाळू ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढोबळमानाने एक ब्रास बसतो, म्हणजे साडेबावीस हजारांहून जास्त ट्रॉल्या. त्यातून मधले मंदिर, हत्ती आणि स्तंभ वजा करायचे, आणि फोडलेला दगड फुगून दीडपट जागा घेतो तेवढी भर घालायची. बरोबर उत्तर महत्त्वाचे नाही. हा दगड गेला कुठे, असे कुणीतरी विचारतेच, आणि तिथून खरा तास सुरू होतो. मोजायला स्टीलचा टेप नको, त्याची कड दगडाला घासते. हातहातभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी घ्यावी आणि ती जमिनीवरच धरावी. लिहायला फक्त पेन्सिल. खडू आणि स्केचपेन बसमध्येच ठेवायला लावावेत.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी. तिथल्या चित्रांना गर्दीचा श्वासही बाधतो. माणसांबरोबर आत दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. एका वेळी दहा-बारा मुले, फ्लॅश बंद, पाठीवरची दप्तरे बाहेर. दप्तर पाठीवर घेऊन मूल वळले की भिंतीला घासते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाइड सहसा टाळतात ते २४ क्रमांकाचे अर्धवट लेणे मात्र जरूर दाखवावे. आमच्या मते शिकण्यासाठी अजिंठ्यात त्याच्यासारखे दुसरे लेणे नाही, कारण काम कसे चालले होते ते तिथे उघडे पडलेले आहे. गावातला एखादा पाथरवट सोबत नेता आला तर छन्नीच्या खुणा तो वाचून दाखवील.

अजिंठ्याला जाण्याच्या आठवडाभर आधी शाळेत गिलावा करून पाहावा. फूटभर शहाबादी फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. दोन किलो चाळलेली पांढरी माती, अर्धा किलो बारीक वाळू, दोन मुठी गव्हाचा भुसा, हे कालवून रात्रभर मुरू द्यायचे. फरशी भिजवून एक सेंटिमीटरचा थर द्या, ओला असतानाच काडीने रेघा मारा आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. वर तीन मिलिमीटरचा बारीक थर, तो वाळला की चुन्याचे दोन पातळ हात. चुना विरलेलाच आणावा आणि तो शिक्षकांनीच हाताळावा. डोळ्यात गेला तर इजा होते. रंग गेरूचा, पिवळ्या मातीचा आणि काजळीचा, डिंकाच्या पाण्यात. काळी माती घेतली तर वाळताना ती आकसते आणि थराला भेगा पडतात. फरशी कोरडी राहिली किंवा उन्हात ठेवली तर गिलावा सुटून येतो. डिंक जास्त झाला की रंगाचे पापुद्रे वळतात, कमी पडला की रंग बोटाला लागतो. आपला गिलावा असा सुटताना पाहिलेले मूल लेण्यात भिंतीपासून आपणच चार बोटे लांब उभे राहते. निळा रंग मुद्दाम देऊ नये. अजिंठ्याचा निळा लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. तो का नाही, हे मुलांना विचारू द्यावे.

आता संग्रहालये. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे, आणि सातवाहनकाळ समजून घ्यायला मराठवाड्यातल्या शाळांना याहून चांगली जागा सापडणार नाही. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या दोन्ही बाजारांचा उल्लेख येतो. इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. पण 'मृण्मय स्त्रीप्रतिमा, सातवाहनकालीन' अशी पाटी सहावीच्या मुलाला काय सांगणार? पाटीवर चार ओळी हव्यात: हे भाजलेल्या मातीचे आहे, दोन साच्यांत दाबून दोन अर्धे केले आणि मग जोडले, कडेला जोडाची रेघ दिसते का बघा, आत पोकळ का ठेवले असेल? (भरीव ठेवले तर भट्टीत तडकते.) तेर हे गोरोबाकाकांचे गाव. एखाद्या कुंभाराला महिन्यातून एक दिवस साच्यातले काम दाखवायला बसवले, तर संग्रहालयासमोरून रोज जाणारे गावकरीही आत येतील. मुलांनी सगळी कपाटे पाहण्याची गरज नाही. एक वस्तू निवडून दहा मिनिटे तिचे चित्र काढले तरी भरपूर झाले.

सहलीला पैसे नसतील तर गावातच पाहा. मारुतीच्या पाराशी किंवा जुन्या मंदिराच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असतो. तो खालून वर वाचायचा: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य. झिजलेले कोरीवकाम सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते. नाहीतर अंधारात बाजूने टॉर्च धरावा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये, तेल ओतू नये, ॲसिडने धुऊ नये. ऑइलपेंट तर मुळीच नको. दगडातली ओल आत कोंडते आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. उंची, रुंदी, चौकटी किती आणि गावात त्याला काय म्हणतात, एवढे वहीत नोंदवले की झाले. शेतात मूर्ती निघाली तर ती शाळेत आणून ठेवू नका. तलाठी-तहसीलदारांना कळवा, कायदा तेच सांगतो.

बारव असेल तर आणखी चांगले. दर महिन्याच्या एक तारखेला पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजायच्या, वरूनच, मोठ्या माणसासोबत. शेवाळलेल्या पायरीवर उतरायचे नाही. आकडा फळ्यावर लिहायचा. जून ते मे बारा आकडे झाले की गावच्या पाण्याचा आलेख तयार होतो, आणि तो ग्रामसभेत मुलांनीच मांडावा.

पंधरा वर्षांखालील मुलांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट नाही, त्यामुळे एकाच ठिकाणी दोनदा जाणेही जड जात नाही. तारीख ठरवताना मात्र पाहा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

आपल्या दैनिकाला एक विनंती. सहलीच्या हंगामात जिल्हा पुरवणीत दर आठवड्याला एका जवळच्या वास्तूचे साधे रेखाचित्र आणि खाली तीन प्रश्न छापावेत, उत्तरे न देता. सुरुवात परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेपासून करता येईल. पहिला प्रश्न: पायऱ्या गोल फिरवत का नेल्या असतील?

आपले नम्र,
मराठवाड्यातील काही कलाशिक्षक