झोप होते ना नीट, विचारलंस ना

प्रिय आई,

परवा फोनवर तू विचारलंस झोप होते ना रे नीट, मी हो हो म्हणून विषय बदलला, ते खोटं होतं. नवीन प्रोजेक्ट आल्यापासून दोन महिने दिवसभर डोळ्यांवर झापड आणि पाठ टेकली की टक्क जागा. मग घड्याळ बघायचं, अडीच, म्हणजे आत्ता लागली तरी 4 तास मिळतील, मग पावणेतीन, परत हिशोब.

शेवटी डॉक्टरकडे गेलो, वाटलं गोळी देतील, नाही दिली. त्या बाई म्हणाल्या टेन्शनमधे शरीराला वाटतं काहीतरी धोका आहे, मग ते कसलं झोपू देतंय. कॉर्टिसॉल म्हणून हार्मोन असतं, ते रात्री उतरायला हवं आणि पहाटे उठायच्या सुमारास चढायला हवं, टेन्शनमधे ते रात्री पण चढलेलं राहू शकतं. आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी साध्या मेलचं पण टेन्शन येतं, त्याने परत रात्रीची वाट लागते.

उपाय मात्र उलटाच सांगितला. झोप येत नसेल तर लोळत पडायचं नाही, साधारण 20 मिनिटांनी उठायचं (अंदाजाने हां, घड्याळ बघून नाही), बाहेर मंद दिव्यात बसायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत. नाहीतर बिछाना म्हणजे जागायची जागा असं डोक्यात पक्कं बसतं. आणि रात्री कितीही वाजले तरी सकाळी साडेसहाला उठायचंच, रविवारी पण. पहिले चार दिवस हाल झाले गं. चादर गुंडाळून खुर्चीत वॉशिंग मशीनचं मॅन्युअल वाचत बसायचो, त्याच्याइतकं कंटाळवाणं घरात दुसरं काही नव्हतं, पान 14 च्या पुढे अजून गेलो नाहीये.

चारची कॉफी पण बंद, 5-6 तासांनी सुद्धा त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं म्हणे. मोबाइल चार्जरसकट बाहेरच्या खोलीत. आणि जेवणाआधी वहीत लिहितो, काळजी नाही, उद्या त्याचं काय करायचं तेवढंच. पहिल्या दिवशी 11 गोष्टी निघाल्या, त्यातल्या 6 माझ्या हातातल्याच नव्हत्या, त्यांच्यासाठी मी अडीचपर्यंत जागत होतो!

आता अगदी ढाराढूर नाही, पण या आठवड्यात दोनदाच उठलो.

तू पण तीनला उठून बसतेस, बाबांनी सांगितलं मला, लपवू नकोस. उशाशी घड्याळ आहे ना त्याचं तोंड भिंतीकडे कर, आणि दुपारी झोपलीस तर 20 मिनिटंच, तीनच्या आत.

बाबा घोरता घोरता मधेच श्वास अडकून दचकतात म्हणालीस ते मात्र टेन्शनवर ढकलू नका, तो झोपेत श्वास मधेमधे थांबायचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. ते नाही म्हणतील, तू अपॉइंटमेंट घेऊनच सांग.

तुझा,
बंटी